कोलंबो म्हणजे कॉफी

जयसिंगराव दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता. सरी.

बेंगळुरूत हा शब्द रिक्षावाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळे दिवसभर वापरतात. ठीक आहे, बरं, चालेल, असा त्याचा अर्थ. कित्येक पिढ्या इथेच मुरलेल्या जयसिंगरावांच्या घरच्या मराठीतही तो केव्हाच मिसळून गेला होता. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात नि उजवा पाय लुळा पडला आणि बाकीची सगळी भाषा पुसून गेली. मराठी गेली, कानडी गेली, कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा चालवताना वापरलेली इंग्रजी गेली. राहिला तो हा शब्द. भूक लागली की सरी. उशी टोचली की सरी. राग आला तरी सरीच, फक्त जरा मोठ्याने.

"त्यांना समजतं बरंचसं," डॉक्टर म्हणाले होते, "पण आतला शब्द बाहेर यायला वाट सापडत नाही. धीर धरा."

धीर धरायचा होता तो मुख्यतः स्मृतीने. तिचा नवरा अभिराज कामासाठी आठवडाभर हुबळीला असे, शनिवारी-रविवारी घरी. सासूबाई, जमनाबाई, चार वर्षांपूर्वी गेल्या होत्या. स्मृती एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत विम्याच्या दाव्यांचं काम करायची. आता तिने ते मल्लेश्वरमच्या घरातूनच करायची परवानगी काढली. सांगलीहून लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांशी तिचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं. भांडण नव्हतं, तसा लळाही नव्हता. ती त्यांना घरातल्या सगळ्यांसारखं अण्णा म्हणायची, ते पेपरातून मान वर करून हसायचे, आणि दिवस पुढे जायचा. आता तोच माणूस दिवसभर तिच्याकडे बघत बसे आणि त्याला काय हवं आहे ते तिला कळत नसे.

अण्णांना जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून तळमजल्यावरची मागची खोली त्यांच्यासाठी करायचं ठरलं. त्या खोलीत वर्षानुवर्षांची अडगळ भरली होती. स्मृतीने एक दिवस सगळी बाहेर काढली. मोडक्या खुर्च्या, पत्र्याच्या ट्रंका, आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला एक भलामोठा लाकडी रेडिओ. त्याची मागची पाठ निघालेली, आत कोळ्यांची जाळी. ती चादर बाजूला सारून तिने व्हीलचेअरवरच्या अण्णांना विचारलं, "अण्णा, हा बंदच आहे ना? देऊन टाकू?"

"सरी," अण्णा म्हणाले.

"नक्की?"

"सरी! सरी!" त्यांनी डावा हात जोरात हलवला. स्मृतीला वाटलं, ने म्हणतायत एकदाचं.

भंगार घेणारा गुजरीवाला बसवंत दारात उभाच होता. त्याने खुर्च्यांबरोबर रेडिओही गाडीवर चढवला.

दुपारी अण्णांनी ताट सरकवलं. संध्याकाळी दूध घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. स्मृतीने ताप बघितला, डॉक्टरांना फोन केला, मऊ भात केला, इडली आणली. अण्णा तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. रिकाम्या झालेल्या मागच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसले होते. शेवटी तिने अभिराजला फोन लावला.

"काल काय झालं नेमकं?" त्याने विचारलं.

"काही नाही रे. खोली आवरली. जुन्या खुर्च्या दिल्या, तो बंद रेडिओ दिला..."

"अण्णांचा व्हॉल्व्हचा रेडिओ?" अभिराज म्हणाला. "स्मृती, पहिल्या पगारात घेतलेला आहे तो त्यांनी. संध्याकाळ झाली की त्याच्यापुढे बसायचे. कुठकुठली परदेशी स्टेशनं लावायचे, ती भाषा त्यांना स्वतःलाही कळायची नाही. आम्ही हसायचो."

"पण मी विचारलं त्यांना! ते सरी म्हणाले!"

हे बोलता बोलताच ती थांबली. तिने अण्णांकडे वळून पाहिलं. नाही म्हणायलाही त्या माणसाजवळ दुसरा शब्द नव्हता.

शेजारच्या प्रेमाअक्कांना अण्णांजवळ बसवून ती रिक्षाने निघाली. बसवंतचं दुकान रेल्वेच्या रुळापलीकडे होतं. ती पोचली तेव्हा रेडिओ एका पोत्यावर आडवा पडला होता आणि त्याच्या पोटातला लोखंडी ठोकळा बसवंतने आधीच कापून काढला होता. "तांबं असतंय त्यात अक्का," तो ओशाळून म्हणाला. ठोकळा अजून फोडला नव्हता एवढंच नशीब. कापलेल्या रंगीत तारांचे तुकडे त्यातून शेपट्यांसारखे लोंबत होते. बसवंतने ढिगात हात घालून तो शोधून दिला, रेडिओ स्वतः रिक्षात ठेवला, आणि वर म्हणाला, "अज्जांना सांगा, मला ठाऊक नव्हतं."

घरी आल्यावर स्मृतीने रेडिओ अण्णांच्या समोरच्या टेबलावर ठेवला आणि तो ठोकळा त्यांच्या मांडीवर. "अण्णा, चुकलं माझं," एवढंच म्हणाली. अण्णांनी डाव्या हाताने लाकडावरून बोटं फिरवली, खाली-वर, मग समोरच्या काचेवरून. काचेवर धुळीखाली नावं होती, इंग्रजीत छापलेली: कोलंबो, रंगून, कैरो, मॉस्को, लंडन. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

स्मृतीने भात वाढून आणला. त्यांनी सगळा खाल्ला.

*

रेडिओ दुरुस्त करायचा असं तिने ठरवलं खरं, पण तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने दामोदरमामांना बोलावलं. दामोदर म्हणजे जमनाबाईंचे धाकटे भाऊ, हेब्बाळला राहायचे. नोकरीत असताना त्यांनी कारखान्यात तयार रेडिओ तपासण्याचं काम केलं होतं. ते आले, चष्मा पुसला, आत डोकावले आणि कपाळाला हात लावला.

"भावोजी, ह्याला उंदरांनी पण सोडलं नाही. कंडेन्सर सगळे गेले. डायलचा दोरा तुटला. आणि हा ट्रान्सफॉर्मरचा ठोकळा असा कापलाय की कुठली तार कुठे होती ते देवालाच माहीत."

"सरी," अण्णा म्हणाले आणि डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर थोपटलं.

"तुम्हाला माहीत आहे?"

"सरी."

आता हा सरी होकाराचा होता, हे स्मृतीला चेहऱ्यावरून कळलं. त्या दिवसांत ती हेच शिकत होती. शब्द ऐकायचाच नाही, भुवया बघायच्या. होकार असला की त्या वर जात. नकाराला डावा खांदा आधी हले. आणि थट्टेचा एक सरी होता, तो नाकातून यायचा.

तारांसाठी तिने एक युक्ती काढली. शिवणाच्या डब्यातून रंगीत दोरे आणले. ट्रान्सफॉर्मरच्या एका तुटक्या टोकाला ती हिरवा दोरा बांधायची, मग रेडिओतल्या एकेका टोकावर सुई ठेवत जायची. अण्णा बघत राहायचे. बरोबर ठिकाण आलं की टेबलावर एकदा टकटक. तिथेही हिरवा दोरा. मग लाल, मग पिवळा. दामोदरमामा प्रत्येक जोडी मीटरने तपासायचे आणि मान डोलवायचे. एके ठिकाणी मात्र मामांचं म्हणणं वेगळं पडलं. "नाही भावोजी, ही इथली नव्हे." अण्णांनी टकटक केली. मामा अडले. अण्णांनी आणखी जोरात टकटक केली, मग चिडून दोऱ्यांचा डबाच उलथवला. दोऱ्यांची रिळं खोलीभर पळाली. मामांनी पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "स्वल्प थांबा... हां. तुमचंच बरोबर." अण्णा नाकातून सरी म्हणाले. दोघे म्हातारे हसत सुटले आणि स्मृती पलंगाखाली शिरून रिळं गोळा करत बसली.

नवे कंडेन्सर एस. पी. रोडला सहज मिळाले. आतल्या काचेच्या व्हॉल्व्हपैकी एक मात्र मेलेला निघाला. त्याच्यासाठी स्मृतीला बऱ्याच दुकानांचे उंबरे झिजवावे लागले. शेवटी एका बोळातल्या दुकानदाराने वरच्या फळीवरून पुठ्ठ्याची खोकी उतरवली आणि कागदात गुंडाळलेला तसाच एक व्हॉल्व्ह तिच्या तळहातावर ठेवला. रिक्षातून येताना तिने तो दोन्ही हातांत धरला होता, अंडं धरावं तसा.

तारा झाळायचं, सोल्डरिंगचं कामही तीच करू लागली. मामांचे हात थरथरायचे आणि अण्णांचा एकच हात चालायचा. पहिले जोड ओबडधोबड आले. अण्णा डोळे बारीक करून बघायचे आणि खांदा हलवायचे. ती पुन्हा करायची. ऑफिसची मीटिंग संपली की ती लॅपटॉप मिटून सरळ मागच्या खोलीत जायची. हे काम नवऱ्याला सांगताना तिचा आवाज बदलतो, असं अभिराज म्हणाला. काम जमलंय म्हणून असेल, ती म्हणाली. पण तेवढंच नव्हतं. दिवसातला तो एक वेळ असा होता की अण्णा आजारी नसायचे.

एकदा फार वाईट झालं. मामांनी सांगितल्याप्रमाणे वाटेत एक दिवा जोडून रेडिओला पहिल्यांदा थोडी वीज दिली होती. आत काही बिघाड असता तर तो दिवा लख्ख पेटला असता. तो मंद राहिला, म्हणजे सगळं ठीक. मामा घरी गेले. स्मृतीने प्लग काढला, बाजूला ठेवला, आणि आत एक तार जरा वाकडी दिसली म्हणून बोट घातलं. तोच अण्णांनी तिच्या हातावर सणकन चापट मारली.

तिचा हात झणझणला. क्षणभर तिला खरंच कळलं नाही काय झालं ते. प्लग तर काढला होता! मग इतके दिवस आतल्या आत दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. रात्रीची जागरणं, ऑफिसची बोलणी, आईकडे जाता न येणं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून रडली.

आतून टकटक ऐकू येत होती. टकटक, टकटक, थांबेचना. शेवटी डोळे पुसून ती दारात येऊन उभी राहिली.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला होता. ती आलेली बघताच त्यांनी लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर उचलला, तो आतल्या मोठ्या कंडेन्सरवर आडवा टेकवला, आणि फट्ट् असा आवाज होऊन निळी ठिणगी उडाली. प्लग काढलेल्या रेडिओतून. त्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहिली होती. स्मृती दचकून मागे सरली.

तिथेच तिचं बोट जाणार होतं.

अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि डावा हात पुढे केला. तिने आपला हात त्यांच्या हातात दिला. जिथे चापट बसली होती तिथे ते अंगठ्याने चोळत राहिले, लहान मुलाला पडल्यावर चोळतात तसं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"कळलं अण्णा," ती म्हणाली. "कळलं मला."

*

रेडिओ लागला तो एका शनिवारी, तिन्हीसांजेच्या सुमाराला. अभिराज घरी होता, मामाही आले होते. गच्चीवरून एरियलची तार खिडकीतून आत घेतली होती. बटण फिरवलं. आधी काहीच नाही. मग व्हॉल्व्ह एकेक करून नारिंगी झाले, समोरची काच उजळली, लाकूड तापल्याचा वास आला, आणि रेडिओतून जे आलं ती नुसती घरघर होती. पिठाच्या गिरणीसारखी. अभिराजने काटा इकडून तिकडे फिरवला. सगळीकडे गिरणीच.

स्मृतीने मामांकडे पाहिलं. एवढं करून हे?

अण्णा मात्र निराश दिसले नाहीत. त्यांनी मान वर करून छताच्या एलईडी दिव्याकडे बोट दाखवलं. अभिराजने तो बंद केला. घरघर थोडी कमी झाली.

"अरेच्चा! आपल्या काळी हे दिवे कुठे होते," मामा म्हणाले. "हेच कचकच करतात सगळे."

मग तिघं कामाला लागले. वाय-फाय बंद. फोनचे चार्जर काढले. इन्व्हर्टर बंद. टीव्हीचा प्लग काढला. प्रत्येक वेळी घरघरीचा एक थर सोलून निघत होता. शेवटी स्मृतीने कुंपणावरून हाक मारली, "प्रेमाअक्का, पाच मिनिटं हॉलचा दिवा बंद कराल का?" का ते न विचारता प्रेमाअक्कांनी तो बंद केला.

घर अंधुक झालं. फक्त काचेचा पिवळा उजेड अण्णांच्या चेहऱ्यावर होता. अभिराज काटा फिरवायला पुढे झाला, पण अण्णांनी स्वतःच डावा हात लावला. अगदी सावकाश, केसभर पुढे, केसभर मागे. आणि घरघरीच्या तळातून एक बाई बोलू लागली. आवाज लांब जायचा, जवळ यायचा. कुठली भाषा ती, कुणालाच कळेना. बातम्या असाव्यात, किंवा गोष्ट. मध्येच ती हसली.

अण्णांनी डोळे मिटले होते. अभिराज खाली जमिनीवर बसला आणि त्याने डोकं वडिलांच्या गुडघ्याला टेकवलं. स्मृती दारातच उभी राहिली. एक अक्षर न कळता आपण इतका वेळ ऐकतोय, आणि कंटाळा येत नाही, याचं तिला नवल वाटत होतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी घरातले दिवे बंद होऊ लागले. बोलायला काही नसे, म्हणून स्मृती काटा सरकेल तशी काचेवरची नावं वाचायची. "हे कैरो आलं अण्णा. आता मॉस्को. थांबा, मागे घ्या, रंगूनजवळ काहीतरी गाणं होतं." खरं तर त्या नावांच्या गावचं आता तिथे काही लागत नव्हतं, कुठली तरी वेगळीच स्टेशनं यायची. तरी ती वाचायची.

एका सकाळी ऑफिसच्या फोनमुळे कॉफीला उशीर झाला. बाहेरच्या खोलीतून हाक आली.

"कोलंबो!"

स्मृतीच्या हातून चमचा पडला. ती धावत गेली. अण्णा स्वतःच चकित झाल्यासारखे बसले होते. "काय म्हणालात? रेडिओ हवाय?" त्यांचा खांदा हलला. त्यांनी रिकाम्या पेल्याकडे बोट दाखवलं, आणि सावकाश, एकेक अक्षर चाचपत म्हणाले, "को...लंबो."

रक्षिता ही त्यांना बोलायला शिकवायला यायची. इतके महिने तिने सफरचंद, गाय, छत्री यांची चित्रं दाखवली होती आणि अण्णांनी ती चिडून उलटी ठेवली होती. तिने हे ऐकलं आणि रेडिओच्या समोरच खुर्ची ओढली.

"चुकीचा असेना, शब्द आला ना," ती स्मृतीला म्हणाली. "चूक म्हणू नका. त्यांचा शब्द घ्या आणि त्याला आपला जोडून द्या."

मग स्मृती म्हणू लागली, "हो अण्णा, कॉफी. ही तुमची कोलंबो कॉफी." मॉस्को म्हणजे आंघोळीचं पाणी गार आहे. लंडन म्हणजे दामोदरमामा. ते का, हे मामांनी बरंच विचारून पाहिलं, उत्तर मिळालं नाही. हळूहळू काही शब्द आपापल्या जागीही आले. पाणी. पंखा. अभि. आणि एक दिवस उपमा पुढे ठेवल्यावर अण्णा स्पष्ट म्हणाले, "नको." स्मृती ती बशी हातात घेऊन घरभर हसत फिरली. "नको म्हणाले! प्रेमाअक्का, अण्णा नको म्हणाले!" डॉक्टर म्हणाले, याहून फार पुढे जाईलच असं सांगता येत नाही. घरात कुणी तशी घाईही करत नव्हतं.

दिवाळीनंतर स्मृती कितीतरी दिवसांनी माहेरी गेली. चुलतबहिणीचं लग्न होतं. अभिराजने सुट्टी घेऊन घर सांभाळलं. दुसऱ्याच संध्याकाळी त्याचा फोन.

"अगं, अण्णा सारखं रंगून, रंगून म्हणतायत. रेडिओचा काटा रंगूनवर नेला, तर खांदा हलवतात. पाणी दिलं, पंखा लावला, मामांना बोलावलं. काही केल्या पटत नाही. रंगून म्हणजे काय?"

"मला नाही माहीत," स्मृती म्हणाली. "माझ्यासमोर कधी म्हणाले नाहीत ते."

ती सकाळी परतली तेव्हा रात्रभरच्या बसचे हाल अंगावर होते, केस विस्कटलेले. अभिराजने दार उघडलं. अण्णा खिडकीशी बसले होते. त्यांनी वळून पाहिलं, भुवया वर गेल्या.

"रंगून," ते म्हणाले.

अभिराज दारातच थांबला. त्याने वडिलांकडे पाहिलं, मग बायकोकडे.

अण्णा डाव्या हाताने शेजारची खुर्ची थोपटू लागले आणि त्यांनी तक्रारींचा पाढाच सुरू केला. अर्धे शब्द, नुसते सूर, मध्येच कोलंबो आणि मॉस्को, अभिराजकडे दाखवलेलं बोट, बहुतेक त्याच्या स्वयंपाकाबद्दल. स्मृतीने बॅग तिथेच टाकली, चप्पलही काढायचं विसरली आणि जाऊन त्या खुर्चीवर बसली.

"हो, हो, आले मी," ती म्हणाली. "आता सावकाश सांगा. काय काय झालं?"